नूतनच्या वाट्याचा रोट

प्रेमराज माझा सख्खा भाऊ. जळगावात बियाण्यांच्या दुकानात जन्मभर बसला आणि तिथूनच साऱ्या जगाला अक्कल वाटत राहिला. अर्धं ऐकायचं आणि पुरं सांगायचं, हाच त्याचा खरा धंदा. डॉक्टर बोलत असतो तेव्हा हा नुसती मान हलवतो आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत स्वतःच डॉक्टर होतो. आमच्या मेहरूण भागातले लोक त्याला 'भाऊ, भाऊ' करतात. करू देत बापडे. मी त्याची मोठी बहीण, त्याचा शेंबूड पुसलाय मी.

धाकटा जीवराम. प्रेमराजनं बस म्हटलं की बसणारा. पण त्याची लेक नूतन निराळी निघाली. ती तिकडे आफ्रिकेत, नामिबियातल्या ओसाड माळावर, मोठाल्या दुर्बिणींवर काम करते.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिचे गव्हाचे जाड रोट होतात. ते घरच्यांनीच खायचे आणि पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत संपवायचे. उरले तर मातीत पुरायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीला आमच्यात रोट चालत नाही. म्हणजे मला नाही. नवरा गेल्यापासून याच घरात राबते, तरी नाही. जाऊ दे.

मागच्या वर्षी नूतन आली होती. रोट खाता खाता सांगत होती, "आमच्या दुर्बिणी गॅमा किरणांसाठी. तो किरण वरच्या हवेत शिरला की क्षणभर निळसर चमक उठते, ती आम्ही टिपतो. चांदणं असलं की ती चमक दिसत नाही. मग ते काम बंद."

एवढं ऐकलं आणि प्रेमराज हात धुऊन गच्चीवर गेला. झालं, त्याचं शिक्षण पुरं झालं!

पोर पुढे सांगतच होती. "मग त्याच चांदण्या रात्री मला मिळतात, आत्या. लांब लांब उभ्या असलेल्या दोन दुर्बिणी एकाच ताऱ्याकडे वळवायच्या. ताऱ्याचा उजेड सारखा थरथरत असतो. दोन्हीकडची थरथर किती जुळते ते बघायचं. दुर्बिणी एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं जुळणं कमी होतं. त्यावरून तारा किती रुंद आहे ते कळतं."

"इतक्या लांबून रुंदी?" जीवरामनं विचारलं. त्याच्या हातातला घास हातातच होता.

"हो बाबा. एरवी तो नुसता ठिपकाच."

यंदा प्रेमराजनं पाचोऱ्याचं स्थळ आणलं. पोरीला न विचारता साखरपुडा ठेवला, तोही नेमका राखी पौर्णिमेला! मी म्हटलं, अरे, पौर्णिमेलाच तिचं काम असतं. तर मलाच म्हणतो, "अक्का, चांदणामा दुर्बीण बंद ऱ्हास. पोर रिकामी शे. बठ्ठं माले माहीत शे." म्हणे याला सगळंच माहीत!

नूतननं बापाला फोन केला. "बाबा, माझा तारा आत्ताच नीट सापडतोय. मी निघाले तर दुर्बिणी दुसऱ्यांकडे जातील, पुन्हा वर्षभर वाट बघायची. मी येत नाही. काकांना सांगाल ना?"

जीवराम 'हो' म्हणाला. प्रेमराजसमोर गेला आणि पाण्याची टाकी भरली का, एवढं विचारून परत आला. असा संताप आला मला! मेणाचा पुतळा बरा.

मग मीच सांगितलं. पण प्रेमराज माझं ऐकेल तर प्रेमराज कसला! नूतनचा रोट त्यानं टोपलीत झाकून ठेवला. "येईल पोर, बापाच्या हातानं खाईल."

पौर्णिमेच्या दुपारी पाचोऱ्याचे पाहुणे आले. नवरदेवाचे वडील रतिलालभाऊ दाराकडे बघत होते. प्रेमराजनं थापा सुरू केल्या. विमान उतरलं. गाडीत बसली. नाशिक सोडलं. संध्याकाळ होत आली तरी हा आपला, "आता येईलच." जीवराम कोपऱ्यात खाली मान घालून बसलेला.

अंधारायला लागलं, चंद्र उगवायला आला आणि नूतनचा रोट तसाच. मला रोट चालला असता ना, तर मीच उठून खाल्ला असता.

तेवढ्यात जीवराम उठला. देवघरातली टोपली घेऊन आला. सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसला, लेकीचा रोट काढला आणि खायला लागला. वाळून कडक झालेला रोट. लेकीचा वाटा बाप खातोय म्हणजे ती येणार नाही, हे घरातल्या बायकांना कळलं.

"अरे, तो पोरीचा शे!" प्रेमराज ओरडला.

"भाऊ, ती येणार नाही," जीवराम भरल्या तोंडानं म्हणाला. "आज तिची दुर्बीण चालू शे. तुम्ही खोटं बोलतस."

पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही. प्रेमराज तणतणत गच्चीवर गेला, ढगांत चंद्र शोधायला. मी जीवरामला पाण्याचा तांब्या दिला. पाण्याबरोबर एकेक घास उतरवत होता. तरी त्यानं शेवटचा तुकडासुद्धा सोडला नाही.

सकाळी नूतनचा फोन आला. "बाबा, आभाळ स्वच्छ होतं. दोन्हीकडची थरथर जुळली!"

"तुझा रोट मी खाल्ला गं," जीवराम म्हणाला. "नाहीतर मातीत पुरावा लागला असता."

तिकडून पोर नाक ओढत म्हणाली, "बरं केलंत, बाबा."

बाहेर ओट्यावर प्रेमराज शेजाऱ्याला समजावत होता. "पौर्णिमालेच चालस ती दुर्बीण. बठ्ठं माले माहीत व्हतं."