भांडण लागलं तर पास

गुणवंतरावांचं नाव निघालं की हात जोडणारी माणसं चांदा जिल्ह्यात अजून भेटतात. सिंदेवाहीच्या प्रशिक्षण केंद्रात ते भावी समाजसेवकांना देशोदेशींची धोरणं शिकवत. स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते. परदेश त्यांना टपालाने आलेल्या अहवालांतून भेटत. परीक्षा मात्र ते वर्गात घेत नसत. एका देशाचं एक धोरण गावात जाऊन सांगायचं. ऐकणारे त्यावरून आपसात भांडले तर पास. नुसत्या माना हलल्या तर नापास.

कुंता एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर केंद्र सुटलं असतं, आणि या तरुण विधवेला सासरच्या त्याच चुलीपुढे परतावं लागलं असतं.

छप्पन सालचा आषाढ. सावलीजवळच्या एका बांधीत भाताचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, चालला होता. गुत्त्याने, म्हणजे ठोक मजुरीवर, काम घेतलेली बायांची टोळी न्याहारीला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली. गुणवंतराव थोडे दूर छत्री धरून उभे राहिले. कुंताने सांगितलं, स्वीडनात नोकरी करणारी बाई बाळंत झाली की घरी बसूनही तिला पैसे मिळतात.

"माह्या सुनेचे दिवस भरत आले," टोळीची म्होरकी गिरजा म्हणाली. "लिव तिचं नाव."

कुंताने घाईघाईने हात हलवला. "इथी नाई ना मावशी. तिथीच आहे."

"मंग आमाले काऊन सांगून राह्यली वो? लोकाच्या घरची खीर दाखवाले?"

बाया खदखदून हसल्या. मग पुन्हा भाकरीकडे वळल्या.

"तिथीबी पयले नव्हतं," कुंता कशीबशी म्हणाली. "बायाईनं मागलं, तवा भेटलं."

गिरजाचा घास हातातच राहिला. "रोवण्याचा गुत्ता आपला, वाटनीबी आपलीच. बाळंतिनीचा वाटा ठेवाले कोन अडवते?"

"मी अडवतो!" कमळा उसळली. "माह्या बारीले कोनी ठेवला होता? पोरगं पाठीशी बांधून चिखलात उभी होतो मी!"

"म्हनूनच त ठेवाचा!"

"सून तुही, म्हून कायदा आठवला बुढे!"

एकदम सगळ्याच बोलू लागल्या. गुणवंतराव धुऱ्यावरून चालत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पास," ते म्हणाले. "आभार यांचे मान."

कुंताने बायांना हात जोडले. कोणी पाहिलंच नाही. वाटा किती दिवस द्यायचा, यावर आता कमळाच अडून बसली होती. गिरजा म्हणत होती त्याहून जास्त दिवस तिला हवे होते.