रबाळ्यातील घड्याळाचा लिलाव

ऐंशीच्या दशकातल्या एका नोव्हेंबरात, रविवारी दुपारी, रबाळे येथे एका ख्रिस्ती उपदेशकांचे सोन्याचे मनगटी घड्याळ लिलावात पुकारले गेले. घड्याळ चालू स्थितीत होते. मालक त्या वेळी शेडबाहेर थंड पेय पीत होते.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात होतो. हे उपदेशक परदेशी मोटारीतून फिरत आणि देवाला देणाऱ्याला देव दसपट परत करतो, असे सांगत. पुरावा म्हणून मोटारीकडे बोट दाखवत. त्यांच्या ठाणे आणि कल्याण येथील सभा मी पाहिल्या होत्या. तिसऱ्या सभेसाठी त्या दिवशी सकाळी दादरहून बस धरली.

खाडीपूल ओलांडला की डाव्या हाताला चिखल, उजव्या हाताला चिखल आणि समोर वाशी. एकसारख्या इमारती, रुंद रस्ते, त्यांवर फारसे कोणी नाही. बाजाराच्या बाजूने कांद्याचा वास येत होता. वाशीला बस बदलली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कांद्याच्या वासाची जागा रसायनांच्या वासाने घेतली.

कंडक्टरने विचारले, "रबाळ्याला कोनती कंपनी?"

"कंपनी नाही. चर्च."

"रविवारी चालू ठेवतात? ओव्हरटाइम देतात काय?"

उतरल्यावर पाइपलाइनच्या कडेने जाताना माझा उजवा बूट चिखलात रुतून बसला. पाय वर आला, बूट आला नाही. हात घालून तो काढला आणि त्याच अवस्थेत, चर्च भरत असे त्या शेडपाशी पोचलो. दारात रूथबाई नावाच्या एक वयस्क बाई उभ्या होत्या. महिला मंडळाच्या त्या प्रमुख. त्यांनी तांब्याभर पाणी पायावर ओतले आणि मग म्हणाल्या, "सलाम. आता या आत."

ही मंडळी (ख्रिस्ती सभासदांचा समूह) मूळची नगर आणि जालन्याकडची. पुरुष कारखान्यांत, बायका वाशीच्या बाजारात निवडणीच्या कामाला. त्या दिवशी त्यांचा हंगामाचा सण होता. आपल्या शेतातले, परसातले किंवा निदान बाजारातले काही आणून टेबलावर ठेवायचे, उपासना करायची, मग टेबलावरच्या सगळ्याचा लिलाव करायचा, अशी गावाकडची रीत त्यांनी इथेही ठेवली होती. टेबलावर भोपळे, बाजरीची कणसे, अंडी, शेवग्याच्या शेंगा आणि पाय बांधलेला एक कोंबडा होता.

मंडळीचे धर्मगुरू, पाळक शांतवन यांनी परिस्थिती सांगितली. शेड भाड्याची. मालक तळवलीचे हाशा पाटील. त्यांनी ती जानेवारीपासून एका कारखान्याला दिली होती. तळवलीत मंडळीची स्वतःची जागा होती, चार भिंती उभ्या होत्या, वर पत्रे नव्हते.

"लिलावातून पत्र्यांचं होईल?" मी विचारले.

"एरवी झालं असतं," पाळक म्हणाले. "पण यंदा उपदेशक साहेब आलेत. दानाच्या थैलीत पडेल ते त्यांच्या मिशनला, लिलावाचं ते आम्हाला, असं ठरलंय." मग आवाज खाली आणून, "थैली आधी फिरते."

उपदेशक पांढऱ्या सफारीत आले. त्यांचा संदेश लांबला. थैली एकदा फिरली. संदेश पुढे चालू झाला. थैली पुन्हा फिरली. तिसऱ्या खेपेआधी ते थांबले, त्यांनी मनगटावरचे घड्याळ सोडले आणि वर धरले.

"हे मला प्राणाहून प्रिय आहे. आज मी हे देवाला दिलं. आता हे माझं नाही." घड्याळ त्यांनी भोपळ्याशेजारी ठेवले. "तुम्ही काय मागे ठेवणार?"

कोणी काही मागे ठेवले नाही. रूथबाईंनी कमरेची पिशवी उलटी करून झटकली. पाळकांनी डोळे मिटले होते. ते प्रार्थना करत होते की हिशेब, हे समजू शकले नाही.

ठाणे आणि कल्याण येथेही घड्याळ असेच ठेवले गेले होते. शेवटचे गीत संपताच उपदेशकांचे एक सहायक ते उचलून खिशात टाकत. रबाळ्यात शेवटच्या गीतानंतर लगेच लिलाव सुरू झाला. सहायक थैली छातीशी धरून बसले होते. उपदेशक बाहेर गेले होते.

लिलाव पुकारायला सायमन उभा राहिला. तो वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एका आडत्याकडे (शेतमाल विकून देणारा दलाल) होता आणि त्याच्या आवाजाला लाउडस्पीकर लागत नसे. पहिल्या भोपळ्याला बोली आली नाही. अंड्यांना आली नाही. लोक एकमेकांकडे पाहून हसत होते, तेही थोडेसेच. सायमनने पुढची वस्तू उचलली. ते घड्याळ होते.

सहायक उठले. "अरे, ते नाही! ते साहेबांचं आहे!"

"साहेबांनी देवाला दिलं की," रूथबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "टेबलावरचं ते लिलावातलं. आमच्या नगरला असंच असतं, बाबा."

"पाश्शे!" मागून आवाज आला.

हे हाशा पाटील. ते ख्रिस्ती नव्हते. त्यांची भातशेती औद्योगिक वसाहतीत गेली होती, भरपाई नुकतीच मिळाली होती, आणि थैली त्यांच्यापुढून तीनदा गेली तेव्हा त्यांनी तिला तीनदा नमस्कार केला होता. माझ्याजवळ त्यांनी आधीच खुलासा केला होता, "मी संदेस ऐकाला नाय आलो. लिलाव बघाला आलोय."

सहायक बाहेर धावले. उपदेशक बाटली हातात घेऊनच आत आले.

"काय चाललंय हे?"

"पाचशे एकवार," सायमन म्हणाला. "साहेब, आपली काही बोली?"

उपदेशकांनी सभेकडे पाहिले. सभा त्यांच्याकडे पाहत होती, आदराने.

"सहाशे," ते म्हणाले.

"हजार," हाशा पाटील म्हणाले. "मना आवरलाय तो घड्याल."

"बाराशे."

"दीड हजार. माझे पोराचे लग्नान घालीन."

सहायकांनी थैलीची गाठ सोडली. नोटा मांडीवर काढून ते बोटांनी चाळू लागले. पाटील त्यांच्या मागच्याच बाकावर होते आणि मान उंच करून बघत होते. बोली चढत गेली. शेवटी सहायक उपदेशकांच्या कानाला लागले. ते हळू बोलले, पण शेडला पत्रे होते आणि पत्र्यांखाली सगळे ऐकू येते.

"साहेब, एवढेच आहेत."

उपदेशकांनी तेवढ्याची बोली लावली. सायमनने पाटलांकडे पाहिले.

"नको बाबा," पाटील म्हणाले आणि खाली बसले. "देवाचे मानसाशी कोन भांडल?"

"तीनवार!" टाळ्या पडल्या. थैली रिकामी होऊन पाळकांच्या टेबलावर गेली. उपदेशकांनी घड्याळ खिशात ठेवले. रूथबाईंनी त्यांच्यासाठी उभ्याने प्रार्थना केली आणि देव त्यांना दसपट देवो, असे मागितले. सगळे "आमेन" म्हणाले. पाटलांचा आवाज त्यात सर्वांत मोठा होता.

जेवणाला मटणाचा रस्सा आणि भाकरी होती. उपदेशक जेवायला थांबले नाहीत. वाशीपर्यंत त्यांनी मला मोटारीत घेतले.

"छापणार आहात?" त्यांनी विचारले.

"पाहतो."

"लिहा, की मी त्या गरीब मंडळीला छपरासाठी देणगी दिली."

"थैलीतून?"

ते काचेबाहेर मिठागरांकडे पाहू लागले. वाशीत उतरून मी दादरची बस धरली. संध्याकाळी कचेरीत बातमी लिहून दिली. ती छापून आली नाही. देणगीची जाहिरात मात्र पुढच्या रविवारी आमच्याच दैनिकात आली.

डिसेंबरात तळवलीतल्या भिंतींवर पत्रे बसले. नाताळची उपासना त्यांच्याखाली झाली. उपदेशकांना निमंत्रण गेले होते. ते आले नाहीत. हाशा पाटील आले होते.