आत्याने दिलेली हिरवी खूण

ऑफिसात आत्याला सगळे टिकमावशी म्हणत. तिच्या समोरच्या स्क्रीनवर रोज वीस-पंचवीस डॉक्टरांची नावं यायची. एकेकाच्या दवाखान्यात ती फोन लावायची, आणि सगळं जुळलं की त्या नावापुढे हिरवी खूण करायची. कुठल्या तरी घरात कोणाचं तरी पोट दुखत असेल, ते मोबाईलवर ही यादी उघडतील, खूण बघतील आणि निर्धास्तपणे त्या दवाखान्याची पायरी चढतील. काम म्हणजे एवढंच. पण दुखणारं प्रत्येक पोट आपल्याच घरातलं असावं तसं आत्या ते करायची.

"डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक सांगता का?" असं तिने विचारलं की पलीकडून बहुतेक वेळा कोणीतरी खेकसायचं, "कशाला हवाय?"

"अहो, स्थळ नाही बघत आहे. नुसता नंबर विचारतेय," आत्या म्हणायची. मग नंबर मिळायचा.

तो मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरशी ताडून बघायचा. नाव, नंबर आणि नोंदणीचं साल, तिन्ही जुळायला हवं. सालाकडे बाकीच्या मुली कानाडोळा करत. आत्या त्यांना सांगायची, "नाव चोरता येतं गं, नंबरही चोरता येतो. वय कुठून चोरणार?" अकरा वर्षं ती त्याच खुर्चीवर, न उघडणाऱ्या काचेच्या खिडकीला पाठ लावून बसली होती. ऑफिसातला तिचा नंबर सतरा. यादीतल्या चाळीस हजारांहून जास्त खुणांच्या आत, बाहेरच्या कोणाला दिसणार नाही असा, तो सतरा होता.

घर चौथ्या मजल्यावर. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो लोकांना अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलं असेल, आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्टच नाही. "न्हाव्याच्या घरी वाढलेली दाढी," असं ते स्वतःच म्हणायचे. वाकून वाकून उजवा गुडघा गेला, तसे कामावरून घरी बसले. मग चौथा मजला म्हणजे जगाचं टोक झालं. दिवसभर ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून खालची माणसं मोजायचे.

तळमजल्यावर तीन वर्षांपूर्वी एक डॉक्टर आला. पंचेचाळिशीचा, हसरा, मऊ आवाजाचा. काका त्याच्याकडे जायला लागले, पाठोपाठ आत्याच्या सांगण्यावरून शेजारपाजारही. वर्षभरात त्याचं नाव पडताळणीसाठी यादीत आलं, तेव्हा आत्याने फोन केलाच नाही. फोन कशाला करायचा? काकांना दाखवायला गेली होती तेव्हा भिंतीवरच्या चौकटीतल्या सर्टिफिकेटवरून तिने नंबर हातावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी नाव जुळलं, नंबर जुळला, आणि तिने खूण केली. सालाकडे नजर गेली नाही. ज्याच्यासमोर आपण दर आठवड्याला स्टुलावर बसतो, जो आपल्याला वहिनी म्हणतो, त्याचं साल काय बघायचं? परक्यांना तिने तीन-तीन वेळा तपासलं. ओळखीचा तेवढा सुटला.

मग एका मंगळवारी फोन आला. पलीकडे एक बाई होत्या, थकलेल्या आवाजाच्या.

"माझे बाबा मार्चमध्ये गेले. डॉक्टर होते. दवाखाना तर चार वर्षांपूर्वीच बंद केला होता, पण तुमच्या यादीत त्यांचं नाव अजून आहे. लोक मला फोन करतात. दर वेळी सांगावं लागतं हो, की ते नाहीत. काढून टाका ना."

"लगेच काढते," आत्या म्हणाली. "नंबर सांगा."

यादीत शोधायचं ते नंबरावरून. आत्याने नंबर टाकला. एका नंबरावर दोन ओळी उघडल्या. दोन्हीकडे नाव एकच होतं, पत्ते दोन. दुसरा पत्ता तिच्याच इमारतीचा होता.

आधी तिला मशीनची चूक वाटली. मग तिने साल बघितलं. एक्कावन्न वर्षांपूर्वीची नोंदणी. खालचा डॉक्टर पंचेचाळिशीचा. म्हणजे आईच्या पोटात येण्याआधीच हा माणूस डॉक्टर झाला होता.

"ताई," आत्याने विचारलं, "बाबांचं सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे?"

"नाही. दवाखाना आवरताना त्यांचा एक मदतनीस होता, सगळं सामान त्यानेच नेलं. का हो?"

"काही नाही. नोंद करून घेतेय."

फोन ठेवल्यावर तिने खुणेच्या आतलं पान उघडलं. पडताळणी: सतरा.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा काका गॅलरीत पाय स्टुलावर ठेवून बसले होते. गुडघा लाल, सुजलेला. हात लावला तर तव्यासारखा. तीन इंजेक्शनं झाली होती. पहिल्यानंतर काका कठड्याला न धरता चार मजले चढून आले होते आणि दारातच म्हणाले होते, "माणूस नाही हा, जादूगार आहे." तिसऱ्यानंतर मात्र दोन दिवस हुडहुडी भरली. डॉक्टर म्हणाला, औषध लागू पडतंय म्हणून गरम झालाय. कसलं इंजेक्शन, हे विचारलं तर म्हणाला, ताकदीचं. चौथं गुरुवारी होतं.

"अहो, गुरुवारी खाली जायचं नाही."

"का? काय झालं?"

"तो डॉक्टर नाहीये."

काका हसले. "मग काय लिफ्टमन आहे?"

"हसण्यावारी नेऊ नका. सर्टिफिकेट दुसऱ्याचं आहे. ज्याचं आहे तो मार्चमध्ये गेला."

"तूच तर खूण दिलीस त्याला."

"चुकले."

"अकरा वर्षांत एकदा चुकलीस, तीही नेमकी माझ्याच गुडघ्यावर?" काकांनी पाय स्टुलावरून खाली घेतला. तोंड वेडंवाकडं झालं, पण त्यांनी ते लपवलं. "उद्या म्हणशील, आपलं लग्नही नोंदलेलं नाही."

"नोंदलंय. सालासकट."

नेहमी अशा ठिकाणी दोघं हसायची. त्या दिवशी कोणी हसलं नाही. काका खाली रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू खरा म्हणालीस, मी मानलं. आता खोटा म्हणतेस, तेही मीच मानायचं. माझा गुडघा म्हणजे तुझ्या ऑफिसचा कागद आहे का? आज हिरवा, उद्या लाल! मला कागदाने जिना चढवला नाही. त्याने चढवला. मी गुरुवारी जाणार."

बुधवारी ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेब तिच्या भाच्याच्या वयाचे, तिला मॅडम म्हणायचे. त्यांनी दोन्ही ओळी बघितल्या आणि ते खुर्चीत मागे रेलले.

"मॅडम, त्या बाईंचा अर्ज आलाय ना? मग वडिलांचं नाव काढा. नंबर एकाच नावावर राहील. प्रश्नच मिटला."

"राहील तो खोटा राहील, सर."

"यादीच्या दृष्टीने दोन होते, त्याचा एक झाला." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, दुसरं नाव काढायचं तर कारण लिहावं लागतं. कारणाखाली तुमचा नंबर येतो. मग तुमच्या सगळ्याच खुणा राखाडी होतात, पुन्हा तपासेपर्यंत. चाळीस हजार डॉक्टर मला फोन करतील. मी काय सांगू? आमच्या मावशी शेजारधर्म पाळत होत्या?"

आत्या जागेवर येऊन बसली. स्क्रीनवर दोन ओळी तशाच होत्या. वरची पुसायला एक बोट पुरे होतं. एका थकलेल्या मुलीचं काम होऊन गेलं असतं, आणि बाकीचं जग आहे तसं राहिलं असतं. खालची पुसायची तर अकरा वर्षं पुसायची. शेजारची मुलगी कोणाला तरी फोनवर सांगत होती, हो हो, आम्ही प्रत्येक डॉक्टर तपासतो. आत्याला त्या खोलीत हवा कमी वाटायला लागली. खिडकी उघडावी म्हणून ती उठलीसुद्धा, आणि मग आठवलं.

परत बसून तिने यादी उघडली, या वेळी पेशंटसारखी. हाडांचे डॉक्टर, हिरवी खूण, जवळात जवळ. खूण सतराची नव्हती, तरीही तिने तिन्ही गोष्टी पुन्हा ताडून बघितल्या. फोन खुद्द डॉक्टरीणबाईंनी उचलला. आत्याने गुडघ्याचा रंग सांगितला, हुडहुडी सांगितली, तीन सुया सांगितल्या.

"आज आणता येईल?"

"आज नाही येणार ते."

"मग उद्या चार वाजता. पण एक ऐका. आता त्या गुडघ्यात कोणालाही सुई घालू देऊ नका. आत पू झाला असेल तर पाय जाऊ शकतो. कळतंय ना?"

"कळलं," आत्या म्हणाली.

मग तिने कारणाच्या चौकटीत लिहिलं: पडताळणी करताना नोंदणीचे साल तपासले नाही. खाली सतरा. वरची ओळ पुसली, खालचीही पुसली. कौन्सिलकडे तक्रार पाठवली. उत्तर आलं की चौकशी नव्वद दिवसांत होईल. दुपारी चहाच्या वेळेपर्यंत तिच्या सगळ्या खुणा राखाडी झाल्या होत्या, आणि साहेब तिच्याकडे न बघता पाणी प्यायला जाऊन आले.

संध्याकाळी ती इमारतीत शिरली, तर तळमजल्यावर रांग तेवढीच. यादीत काय पुसलं गेलं ते रांगेला कुठून कळणार? तिने शेवटी उभ्या असलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा दंड धरला. "अहो, घरी जा. हा खरा डॉक्टर नाही."

बाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. "गेल्या वर्षी तुम्हीच पाठवलंत ना मला?"

आत्याने हात सोडला.

गुरुवारी सकाळी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दाराला बाहेरून कडी लावावी, असा विचार आत्याच्या मनात येऊन गेला आणि तिची तिलाच लाज वाटली. जन्मभर ज्याने लोकांना कोंडलेल्या जागेतून बाहेर काढलं, त्याला कोंडायचं? पू, पाय, सगळं रात्रीच सांगून झालं होतं. आता ती फक्त म्हणाली, "चार वाजता दुसरीकडे जायचंय. रिक्षा सांगून ठेवलीय."

"तू जा," काका म्हणाले आणि निघाले.

ते आडवे होऊन एकेक पायरी उतरत होते. डावा पाय, मग कठडा, मग उजवा. आत्या मागे. तिसरा मजला गेला. दुसऱ्याच्या वर जिना अरुंद होतो, तिथे ती त्यांच्या बगलेतून पुढे गेली आणि पायरीवर बसली. मधोमध.

"ऊठ."

"नाही."

"लोक येतील-जातील."

"जाऊ देत माझ्यावरून."

"शोभतं का हे या वयात?"

"नाही शोभत. बसा तुम्हीही, पाय दुखेल."

काका बसले नाहीत. तिला ओलांडायला पाय उचलावा लागला असता, आणि तेवढा तो उचलत नव्हता. वर जायचं तर दीड मजला चढायचा, तेही जमत नव्हतं. दोन्ही हातांनी कठडा धरून ते उभे राहिले. खालून दवाखान्यातलं खोकणं, बाकड्यांचं सरकणं वर येत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग पावलं वाजली. पेशंट आला नाही म्हणून डॉक्टरच बॅग घेऊन वर येत होता.

"अरे, इथेच?" तो हसला. "वहिनी, जरा वाट द्या. दोन मिनिटांचं काम आहे, इथेच देऊन टाकतो."

आत्या उठली नाही. तिने मान वर करून विचारलं, "तुमच्या सर्टिफिकेटवर साल कुठलं आहे?"

"काय?"

"पाठ नाही? मला आहे. आता एवढंच सांगा, तुमचं वय काय?"

"काय हो वहिनी, सकाळी सकाळी चेष्टा..."

"ज्यांचं आहे त्यांची मुलगी बोलली माझ्याशी. तिला दर वेळी सांगावं लागतं की बाबा नाहीत."

डॉक्टरचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातून तो निघून गेला. त्याने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. काका म्हणाले, "डॉक्टर, सांगून टाका ना साल. बायकांचं समाधान होऊ दे." आवाजात अजून भरवसा होता, थोडी विनवणीही.

"खाली पेशंट थांबलेत," डॉक्टर म्हणाला आणि वळला. एरवी वाटेत भेटला तरी तो आधी गुडघ्याला हात लावायचा. आज त्याने त्या गुडघ्याकडे बघितलंही नाही. त्याची पावलं भराभर उतरत गेली. दवाखान्याचं दार लागलं.

 काकांच्या कपाळावर घाम होता. आत्याला वाटलं, आता काहीतरी बोलतील, रागावतील, निदान एक शिवी तरी. ती उठून त्यांच्या शेजारी उभी राहिली, हात पुढे करावा की नाही हे न कळून.

"चारला किती वेळ आहे?" काकांनी विचारलं. तिच्याकडे न बघता.

"आहे अजून पुष्कळ."

"मग इथे काय बसून राहायचंय? वर घेऊन चल." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग सगळा भार टाकला, पहिल्यांदाच, काही न राखता. आत्याचा खांदा वाकला. तिने कठडा धरला, दम घेतला आणि पहिली पायरी चढली.