कुसुमला वाचता येत होतं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, देवापुढेही बोलले नाही. आता नवरा नाही, आणि तुम्ही ऐकताय — म्हणून सांगते.

मी चौथी पास. लग्न होऊन साताऱ्याहून थेट मद्रासला आले. नवरा रेल्वेत कारकून, बिऱ्हाड तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत. आठ वर्षांत मला तमिळचा एकच शब्द धड आला — वेंडाम, म्हणजे नको. नुसत्या नको-नकोवर घर चालतं का? भाजीवाली, दूधवाला, नळावरच्या बायका — सगळ्यांशी माझ्या वतीने बोलायची ती माझी सहा वर्षांची कुसुम. गल्लीत खेळून शिकली होती.

शाळेच्या आधी घरी आपली अक्षरं शिकव, असं नवरा म्हणाला. मी शिकवली. पुण्याहून आलेलं गोष्टींचं एक पुस्तक होतं. दुपारी शेगडीवर वाळूचं पातेलं ठेवायचे, झाकणावर निखारे, आत नानकटाई. कुसुम आणि धाकटा वसंत पिठात हात घालून बसायचे. अर्धी वाटी तूप, पाव वाटी साखर — अर्धा आणि पाव त्यांना तसाच कळला. पिठाचं अक्षर वळायचं, ओळखलं तर भाजून मिळायचं. वसंत कच्चंच खायचा. भाजेपर्यंत गोष्ट. पुढे पुढे कुसुमच त्याला वाचून दाखवायला लागली — ओळीवर बोट न ठेवता, कोल्ह्याचा आवाज काढून. चांगली शिकवली होती मी. तेही सांगायला हवं ना?

मे महिन्यात नवरा म्हणाला, "वाचता येत असेल तर जूनला शाळेत घालू. नाहीतर राहू दे अजून वर्षभर."

ती शाळेत गेली, की दारात कोण बोलणार? कुसुमला बोलता येईपर्यंत नळावरच्या बायका माझ्या हातवाऱ्यांची नक्कल करून हसायच्या. ते दिवस मला परत नको होते.

मग मी काय केलं? तिला जवळ बसवून म्हटलं, "बाबांनी वाचायला सांगितलं तर अडखळ. येत नाही म्हण."

"पण येतं ना मला?"

"मी सांगते ना! मग अख्खं पातेलं तुझं. वसंताला एकही नाही."

हसली. तिला तो खेळ वाटला.

रविवारी नवऱ्याने पुस्तक पुढे ठेवलं. ती माझ्याकडे बघायची आणि चुकायची.

"अगं, एक ओळ तरी!"

"येत नाही, बाबा."

"आईवर गेलीय," ते म्हणाले. "चौथीच्या पुढे सरकायची नाही ही."

तेव्हा तरी मी थांबले का? उलट म्हटलं, "जरा मंदच आहे हो. डोक्यात शिरायला वेळ लागतो." तिच्यासमोर म्हटलं. खेळात हे ठरलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

एका वर्षाची दोन झाली. आठव्या वर्षी पहिलीत गेली — वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून सगळ्यांत मागे. बाईंनी काही विचारलं की गप्प. घरात तर मंद हे तिचं नावच पडलं. वसंतसुद्धा तेच म्हणायचा. पाचवीत नापास झाली, नवऱ्याने शाळेतून काढली. मी अडवलं नाही. तोवर मला भाजीपुरतं तमिळ यायला लागलं होतं.

वसंत इंजिनियर झाला. कुसुमचं लग्न झालं; तिने घर सांभाळलं, मुलं वाढवली. पत्र आलं तर अजून आपल्या नवऱ्याच्या हातात देते — "तुम्हीच वाचा, मला नाही कळायचं."

परवा आपल्या सुनेला सांगत होती, "आईने माझ्यापायी फार कष्ट घेतले गं. माझंच डोकं नव्हतं."

मी समोरच बसले होते. मला अजून चांगलं ऐकू येतं. मी चहा संपवला.