अजबखान्याला दिलेला करंडा

लहानपणी मला दुसऱ्यांच्या डब्या उघडून पाहायची खोड होती. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण माझ्यावरूनच केली असावी. तरी घरातला एक करंडा मला कधी उघडू दिला नाही. तो माझ्या विधवा आत्याचा. आईच्या करंड्यासारखाच पितळी. एक कप्पा मेणाचा, दुसरा कुंकवाचा, झाकणाला आतून आरसा. आत्या कायमची माहेरी आली तेव्हापासून तो फडताळात पडून होता. विधवेचा करंडा सवाष्णीला चालत नाही, म्हणून आईही त्याला शिवत नसे.

निजामाचा अंमल होता. हैदराबादच्या अजबखान्यासाठी, म्हणजे वस्तुसंग्रहालयासाठी, बायकांच्या जुन्या वस्तू गोळा करणारे एक साहेब लिंबागणेशहून आमच्या गावी आले. पण कोणती सवाष्ण आपला करंडा देईल? आमच्या घरी मात्र आत्या आपणहून करंडा घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. लोक काय म्हणतील, हा वडिलांचा नेहमीचा धोशा. वापरता येत नाही, कुणाला देता येत नाही, मग निदान कुणी बघावा तरी, असं आत्याचं म्हणणं.

साहेब खूश झाले. म्हणाले, आफ्रिकेतल्या काही बायका तांबडी माती लोण्यात कालवून अंगाला लावतात. त्या बायकांच्या डब्या साहेबांनी विलायतेच्या अजबखान्यात काचेच्या कपाटात पाहिल्या होत्या. मला पन्नास प्रश्न पडले. आत्यानं एकच विचारला.

"तिकडं नवरा मेल्यावर बायांना ते पुसाय लावत्यात का?"

वडिलांनी मान खाली घालून ते उर्दूत विचारलं. साहेबांना ठाऊक नव्हतं. डबी कशाची आणि कुठली, एवढंच तिथं लिहिलेलं होतं. मला त्यांचा रागच आला. एवढ्या लांब जाऊन पाहिलं आणि मुख्य गोष्ट विचारलीच नाही!

आत्यानं करंडा उघडला. कुंकवाचा कप्पा कोरडा होता. रिकामा द्यायचा नाही, ती म्हणाली, आत काय असतं ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे. पण कुंकवाला तिनं हात कसा लावायचा? तेवढ्यात आई उठली, स्वतःचा करंडा घेऊन आली आणि तिच्यापुढे धरला.

"तुमीच भरा, वन्सं."

आत्यानं चिमटीचिमटीनं कुंकू भरलं. साहेब गेल्यावर ती तशीच, तांबड्या बोटांनी जेवायला बसली. आईनं तिला हात धुवा म्हटलं नाही.