वदीमाआत्यांची गाडी

आमच्या वदीमाआत्यांना गाडी हवी होती, पण मुलाने घेऊन दिलेली नको होती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. लीवाच्या वाळवंटात गाफच्या झाडाखाली जन्मलेली ही बाई लहानपणी उंटांच्या मागून चालत थेट समुद्रापर्यंत जायची. साठीला टेकल्यावर गाडी चालवायचा परवाना काढायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं आणि पाचव्या खेपेला तो काढलाच! माझा नवरा घानिम म्हणाला, "आई, उद्या जाऊन घेऊन येऊ. रंग तेवढा सांग."

"विकत कुणीही घेतं. मी समहाच्या जिवावर आणीन."

समहा आमची उंटीण. हिवाळ्यातल्या आमच्या मेळाव्यात ज्याची उंटीण सगळ्यांत जास्त दूध देईल त्याला पांढरी कोरी पिकअप मिळते. आदल्या दुपारनंतर कोणी कासेला हात लावत नाही, कारण काढलं तेवढं दूध आपलंच कमी भरतं; सकाळी परीक्षकांसमोर धार काढायची, की दूध काट्यावर. गेली दोन वर्षं बक्षीस शेजारच्या बू मुसब्बहंच्या शवाहीन नावाच्या उंटिणीने नेलं होतं, आणि म्हातारा गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "उम्म घानिम, तुमची समहा दूध देते की नुसते आशीर्वाद?" असं आत्यांना भर बाजारात विचारायचा. उम्म घानिम म्हणजे घानिमची आई.

यंदा मात्र समहाची कास अशी तटतटली होती की मला आदल्या दिवसापासून ती पिकअप आमच्या दारात दिसत होती. मेळाव्याच्या कडेला आमचा तंबू, बाहेर समहा, आणि आत्या तिच्याशी गुजगोष्टी करतायत.

दिवस मावळायला आला आणि टेकाडावरून तीन माणसं पायी येताना दिसली. पुढे कोण? बू मुसब्बह! त्यांची गाडी पलीकडे वाळूत चाकं बुडेपर्यंत रुतली होती. तहानेने ओठ पांढरे पडलेले.

"या, या, घर तुमचंच आहे!" म्हणत आत्यांनी गालिचा झटकला, खजूर पुढे ठेवले आणि कोपऱ्यातलं लाकडी वाडगं उचललं. मी त्यांच्या मागे धावले.

"आत्या, कुठे निघालात?"

"दूध काढायला."

"अहो, फ्रीजमध्ये दुधाची पाकिटं आहेत! सरबत आहे!"

"दारात दुभती उंटीण उभी आणि पाहुण्याला पाकीट? लोक थुंकतील माझ्या दारात."

"पण तो बू मुसब्बह आहे! उद्या तोच..."

"अफरा," आत्या थांबल्या. "मी एवढीशी होते तेव्हा आमची विहीर वाळूने बुजली. आई मला पाठीला बांधून एका परक्या तंबूपाशी पोचली. त्या माणसाचं स्वतःचं पोर रडत होतं. त्याने आधी मला पाजलं. आमचं नावसुद्धा विचारलं नाही गं. मी नाव बघून दूध देऊ?"

आत्या एका पायावर उभ्या राहिल्या, दुसऱ्या गुडघ्यावर वाडगं टेकवलं, आणि गुणगुणत धार काढू लागल्या. त्या प्रत्येक धारेबरोबर माझी पिकअप लांब लांब चालली होती. रडूच यायचं बाकी होतं.

फेसाळ, धारोष्ण दूध समोर आलं तेव्हा बू मुसब्बह वाडग्याकडे बघतच राहिले. "उम्म घानिम, दुसरीही दुभती उंटीण आणलीय ना इथे?"

"पाहुण्याने गोठा मोजू नये. प्या."

नाही म्हणणं म्हणजे तोंडावर चपराक. बिचारे प्यायले. तिघेही प्यायले.

सकाळी मैदानात ही गर्दी! परीक्षकांनी शवाहीनचं नाव पुकारलं तर बू मुसब्बह हात जोडल्यासारखे उभे. "शवाहीन उतरणार नाही. या बाईचं दूध माझ्या पोटात आहे. मी तिच्याविरुद्ध उभा राहत नाही."

मी टाळी वाजवणार तोच आत्या उसळल्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका घालतात तो नाकावरचा सोनेरी मुखवटा उन्हात नुसता चमकत होता. "म्हणजे मी लाच दिली? दूध पाजून मैदान मोकळं करून घेतलं? उतरवा तुमची उंटीण! नाहीतर माझ्या दाराकडे पुन्हा फिरकू नका!"

सगळं मैदान हसलं, ओरडलं, शिट्ट्या वाजल्या. उतरवावी लागली. काटा हलला, थांबला, आणि शवाहीन थोडक्यात जिंकली. अगदी थोडक्यात! आत्यांनी सगळ्यांच्या आधी मुबारक म्हटलं, आणि तंबूपाशी येऊन समहाच्या मानेत तोंड लपवलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

दुपारी बू मुसब्बह आले. आत्यांनी कॉफी ओतली. त्यांनी पेला घेतला, आणि ओठाला न लावता गालिच्यावर ठेवला.

भरला पेला पाहुण्याने खाली ठेवला म्हणजे त्याची काही मागणी असते, आणि ती ऐकायच्या आधीच यजमानाने हो म्हणायचं असतं. समहा! हा माणूस समहा मागणार! घानिमने माझा हात घट्ट धरला. आत्यांची नजर एकदा बाहेर गेली, उंटिणीवरून फिरली, परत आली.

"प्या, बू मुसब्बह," त्या म्हणाल्या. "दिलं."

म्हाताऱ्याने कॉफी संपवली, मिशी पुसली आणि खिशातून पिकअपची किल्ली काढून आत्यांसमोर ठेवली. "मग ही घ्या. एवढीच मागणी."

"मी हरले आहे. मला भीक नको!"

"भीक कसली? सकाळी काट्यावर समहाचं अर्धंच दूध होतं. बाकीचं आमच्या पोटात होतं, ते मोजायचं राहिलं. मी मोजलंय. तुम्ही जिंकलात. आणि आता नाही म्हणता येणार नाही, तुम्ही दिलं म्हणालात."

आत्यांनी किल्ली उचलली, मुठीत घट्ट दाबली. मी मात्र सरळ रडले, घानिमच्या खांद्यावर.

आता उठून गाडीकडे धावायचं ना? पण पाहुणा बसलेला असताना यजमानीण उठणार कशी! आणि पाहुण्याने रिकामा पेला हलवून परत दिला तरच त्याला पुरे झालं असं समजायचं. नाही हलवला तर ओतत राहायचं. बू मुसब्बहंनी पेला तसाच पुढे केला. आत्यांनी ओतलं. पुन्हा पुढे केला. पुन्हा ओतलं. एका हातात किटली, दुसऱ्या मुठीत किल्ली, आणि बाई बसल्या जागी नुसत्या चुळबुळतायत! म्हातारा मिशीत हसत होता. आम्ही सगळे श्वास रोखून त्याच्या मनगटाकडे बघत होतो.

शेवटी त्याने पेला हलवला.

तो खाली ठेवेपर्यंत आत्या बाहेर गाडीपाशी पोचल्याही होत्या.