मामांच्या वॉकरची घंटी

आमच्या तोंडवलीत पालखीखालोखाल लोक कशाला वाट देत असतील, तर ती माझ्या बायकोच्या मामांच्या वॉकरला. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तो तीन महिन्यांसाठी दिला होता. मामांनी दोन वर्षं चालवला. त्याला सायकलची घंटी बसवली, बाजाराची पिशवी अडकवली, दसऱ्याला कोयत्याशेजारी उभा करून झेंडूची माळ घातली. शाळेच्या कार्यक्रमात एकदा ही घंटी ऐकून प्रमुख पाहुणे भाषण अर्धवट टाकून बाजूला झाले. त्या भाषणातलं गावाला आजही तेवढंच आठवतं. डॉक्टर म्हणाले, "आता सोडा याला." मामा म्हणाले, "मी पडलंय तेव्हा तेना माका धरल्यान. आता मी तेका सोडू?"

सलत होती ती एकच गोष्ट. किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या रापणीत मामा चाळीस वर्षं दोराच्या टोकाला होते, आणि रापणीचा नियम असा, की दोराला हात लावील त्यालाच मासळीचा वाटा. दोन्ही हात वॉकरवर असलेल्या माणसाने तिसरा कुठून आणायचा? मंडळी मानाने वाटा घरी पाठवत, मामा तो परत पाठवत. "हात नाय लावलंय, तर वाटो कसलो?" मग डाळभात जेवत. मामांच्या मते डाळ हे आजाऱ्याचं अन्न.

गेल्या थंडीत एका सकाळी जाळं इतकं भरलं, की आमच्या दोरावरची माणसंच समुद्राकडे घसरू लागली. मामा वाळूतून घंटी बडवत ओरडत होते, "टाचो रोवा रे मेल्यांनो!" एकाएकी घंटी थांबली. मी वळून पाहिलं. वॉकर वाळूत एकटाच उभा होता आणि मामा काखेत दोर धरून आमच्यात होते. दोन वर्षांत आधाराशिवाय एक पाऊल पुढे न टाकलेला माणूस उलटा चालत होता! जाळं आलं, बांगडा उसळला. मामांनी धापा टाकत वॉकरची पिशवी काढून पसरली, "हाड हकडे माझो वाटो!" आणि ती झुलवत भर रस्त्यातून घरी गेले; वॉकर मागून मी आणला.

आठवड्याने शेजारच्या बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मामांनी वॉकर धुतला, पुसला, घंटी काढून खिशात ठेवली आणि तो मला पोचवायला लावला. दोन दिवसांनी ती घंटी माझ्या हातात कोंबत म्हणाले, "हीय नेवन दी. तेका सवय आसा."

आता रस्त्यात ती वाजली, की सगळ्यांच्या आधी मामा बाजूला होतात.